जवभर लहान चाक

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा जनावरंही बोलत असत; मात्र अगदीच सहन होईनासं झालं, तरच.

एका राज्यात एक मापाडी राहत होता. दिवसभर राजाच्या कोठारावर धान्य मापायचं आणि संध्याकाळी घरी यायचं, हे त्याचं काम. माणूस सज्जन. हात स्वच्छ, नजर पक्की. पायलीत चिमूटभर धान्य कमी पडलं तरी त्याला लांबून कळे. गुण मोठा खरा, पण कुठे थांबायचं हेही कळावं लागतं, आणि नेमकं तेवढंच त्याला कळत नव्हतं.

लग्न होऊन त्याची बायको सासरी आली ती कडबा वाहायच्या खटाऱ्यातून. तिला त्याचं काही वाटलं नाही. मापाड्याला मात्र सासूसमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे राजाने आपला एक जुना, मोडका रथ तबेल्यामागे टाकून दिला. मापाड्याने तो मागून घेतला, ओढत घरी आणला आणि बायकोला म्हणाला, "आता तू माहेरी जाशील ती या रथातून! सासूबाई बघत राहतील."

खोटं कशाला बोला, बायकोही हरखली. पाणवठ्यावर तिने चारचौघींना सांगूनही टाकलं.

मग रोज संध्याकाळी मापाडी कामाला लागे. रथ सुटा सुटा झाला. ओसरीवर चाकं आली, माजघरात दांड्या आल्या, चुलीपाशी वंगणाचं मडकं आलं. एकदा तर त्याने वरणाच्या पातेल्यात राळ वितळवली. त्या दिवशी घरात जे काही बोलणं झालं, ते शेजाऱ्यांनी जेवता जेवता सगळं ऐकलं.

दिवाळी आली. रीतीप्रमाणे बायकोचा भाऊ मुराळी होऊन तिला माहेरी न्यायला आला. साधी बैलगाडी, आत गवत अंथरलेलं.

"दाजी, ताईला न्यायला आलोय. आई वाट बघतेय."

"यंदा नको," मापाडी म्हणाला. "रथ झालाच म्हणून समजा. दारात रथ असताना माझी बायको गाडीतून जाणार? लोक काय म्हणतील!"

रथ दारात नव्हता, घरभर होता. पण जावयाशी वाद कोण घालणार? भाऊ रिकामी गाडी घेऊन परत गेला.

पुढच्या दिवाळीला तो पुन्हा आला. आता रथ उभा राहिला होता. रंग झाला होता, पितळी कळस लखलखत होता.

"आता बैल जुंपा की!" बायको म्हणाली.

मापाड्याने एक डोळा मिटून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. उजवं चाक डाव्यापेक्षा जवभर लहान होतं.

"जवभर?" बायकोने विचारलं.

"जवभर," तो गंभीरपणे म्हणाला.

"अहो, वाटेत दगड केवढाले आहेत!"

"वाट माझी नाही. चाक माझं आहे."

भाऊ परत गेला. मापाड्याने चाकांवरची लोखंडी पट्टी, धाव, काढली आणि डावं चाक थोडं तासलं. ते जरा जास्तच तासलं गेलं. मग उजवं तासलं. मग पुन्हा डावं. शेवटी चाकं इतकी बुटकी झाली की रथाचं पोट जमिनीला टेकायला आलं, आणि नवी चाकं करायची वेळ आली. नव्या चाकांना वाळलेलं लाकूड हवं. लाकूड वाळेपर्यंत आणखी एक दिवाळी आली.

त्या खेपेला भाऊ उंबऱ्याबाहेरच थांबला. "दाजी, आईची नजर अधू व्हायला लागलीय. ताईला एकदा डोळे भरून पाहायचं म्हणते."

"मग तर झळाळी हवीच!" मापाडी उत्साहाने म्हणाला. "अंधूक डोळ्यांनासुद्धा दिसेल, असा चमकवतो की नाही बघ!"

सांगा, अशा माणसाला काय म्हणावं! बायको चिडून म्हणाली, "मी पायी जाते." त्यावर हा दारात आडवा. रथवाल्याची बायको पायी कशी जाणार? ती रडली, भांडली, दोन दिवस जेवली नाही. हा कळस पुसत बसला.

पुढच्या दिवाळीला मुराळी आलाच नाही. माणसाने किती वेळा परत जावं? बायको सकाळपासून दारात उभी राहून वाटेकडे बघत होती. अंगणात मापाडी दोरी लावून रथाला बसवलेली चाकं मापत होता. नव्या चाकांतलंही उजवं जवभर लहान निघालं होतं.

तेव्हा गोठ्यातला थोरला बैल बोलला. रथासाठी म्हणून ही जोडी घेतली तेव्हा तो उमदा खोंड होता, आणि आजवर त्याने रथाचं जू मानेवर घेतलेलं नव्हतं. तो म्हणाला, "मालकीणबाई, जुंपायचं तर आज जुंपा. पुढच्या वर्षी मलाच रथात बसवून न्यावं लागेल."

बायकोने पदर खोचला. जोडी बाहेर काढली, रथाला जुंपली आणि कासरे हातात घेतले.

"अगं, थांब! उजवं चाक!" मापाडी ओरडत धावला. रथ थांबेना. शेवटी तो दोरीसकट मागून कसाबसा चढला.

वाटभर तो जीव मुठीत धरून हादऱ्याची वाट पाहत होता. चढ गेला, ओढा गेला, दगडांची वाटही गेली. रथ ना कलला, ना खडखडला.

"कुठे गेलं हो तुमचं जवभर?" बायकोने मागे न बघता विचारलं.

दिवस मावळायच्या आत माहेर आलं. उन्हात रथ असा झळकत होता की गावातली पोरं मागे धावत आली. म्हातारी आई ओट्यावर बसली होती. लेक तिच्या पायांवर वाकली. आईने दोन्ही हात पुढे केले, लेकीचं कपाळ चाचपलं, नाक चाचपलं, गालांवर बोटं फिरवली.

"गालाची हाडं वर आली गं तुझी," ती म्हणाली.

मापाडी हळूच म्हणाला, "आई, रथ आणलाय."

"ऐकला हो, जावईबापू. छान धावतो. पहिल्या वर्षी मला या ओट्यावरून पार खिंडीपर्यंत दिसायचं. मग चिंचेपर्यंत दिसायला लागलं. गेल्या साली तुळशीपर्यंत. तुमचा रथ थोडा उशिरा निघाला, एवढंच."

ती रागावली असती, तर मापाड्याला बरं वाटलं असतं. मापायची दोरी अजून त्याच्या हातातच होती. ती कुठे ठेवावी, हे त्याला कळेना.

पुढे रथ दर दिवाळीला माहेरी गेला. चिखलाने माखला, रंग उडाला, उजवं चाक शेवटपर्यंत जवभर लहानच राहिलं आणि त्याने कुणाचं काही बिघडलं नाही. म्हातारी त्यात बसून देवळातही जाऊन आली. लेकीचं तोंड मात्र तिने पुन्हा कधी पाहिलं नाही.

तात्पर्य : ज्याच्यासाठी वस्तू सजवायची, त्याच्याकडे आधी जावं; सजावट थांबू शकते, माणूस थांबत नाही.