एका गोळीनं पाडलेलं डुक्कर

"भर त्यात तोफेची दारू!" भिवगडचे भुजंगराजे गरजले. "आणि बार तूच काढायचा, दस्तगीर!"

दस्तगीर शिकलगाराच्या हातातलं फडकं गळून पडलं. शस्त्रागारातल्या तलवारी-बंदुका घासूनपुसून ठेवायच्या, हे त्याचं काम. समोर होतं महाराजांचं नवं पिस्तूल. तळहातावर मावेल एवढं, आणि गोळी म्हणाल तर शेंगदाण्याएवढी!

दसऱ्याच्या पानसुपारीला शेजारच्या दारणीचे राजे ते पाहून म्हणाले होते, "छान आहे. राणीसाहेबांचं का?"

झालं! महाराज भर दरबारात बोलून बसले, "याच पिस्तुलाच्या एका गोळीनं रानडुक्कर पाडून दाखवीन! नाही पाडलं तर मिशी उतरवीन!"

बोलायला काय जातं? पण इंग्रज सरकारच्या परवान्यावर वर्षाला पंचवीसच गोळ्या मिळत, त्याही खाजगी माणसाला द्यायच्या म्हणून बेताच्या दारूच्या. लष्कराची गोळी तर त्या नळीत शिरतच नव्हती. ओढ्याकाठच्या भुईमुगात एक थोराड डुक्कर रोज येई. महाराजांनी त्याच्यावर चोवीस गोळ्या उडवल्या. बावीस चुकल्या. दोन लागल्या, तेव्हा डुकरानं बाभळीला पाठ खाजवली आणि पुन्हा शेंगा उकरायला घेतल्या! उरली एक गोळी. म्हणून हा तोफेच्या दारूचा तोडगा.

दस्तगीरची लेक जैतून बापाची भाकरी घेऊन दारात उभी होती. हे ऐकताच ती पुढं झाली.

"सरकार, एवढीशी नळी ती! तोफेची दारू कोंडली तर फुटेल. अब्बांचा हात जाईल."

"गेला तर दुसरा आहे!"

"हात दोन आहेत, सरकार. गोळी मात्र एकच उरलीय!"

महाराज मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "मग तू पाडतेस डुक्कर?"

"पाडू की! गोळी आहे तशीच राहू द्या. मला आठ दिवस द्या आणि पागेतली दहा माणसं द्या. पण बार आपणच काढायचा. पैज आपली आहे."

"आणि नाही पडलं तर?"

"तर आम्ही बापलेक संस्थान सोडून जाऊ."

दस्तगीरनं कपाळाला हात लावला.

जैतून रोज उन्हं कलताना बांधावर बसून डुकराची चाल पाहत राहिली. ते ओढ्याकडून येई. बिचकलं की समोरच्या निवडुंगातल्या फटीतून नेमकं पळ काढी. तिनं माणसं लावली आणि त्या फटीतच पुरुषभर खड्डा खणून घेतला. वर कामट्या टाकल्या, त्यावर पाला पसरला.

आठव्या दिवशी दारणीचे राजे आले ते सोबत न्हावी घेऊनच! न्हावी वस्तरा परजत बसला. महाराज ओढ्याच्या बाजूला झुडपाआड दबा धरून बसले.

डुक्कर आलं. जैतून हळूच म्हणाली, "आता काढा बार!"

"नेम कुठं धरू?"

"कुठंही धरा, सरकार. नाहीतरी तिथं लागत नाही!"

फट्! गोळी कुठं गेली ते देवाला ठाऊक. डुक्कर उधळलं, निवडुंगाच्या फटीत घुसलं आणि धाडदिशी दिसेनासं झालं! खालून असा चीत्कार उठला की न्हाव्याच्या हातचा वस्तरा सुटला.

दारणीचे राजे धावत गेले, खड्ड्यात डोकावले आणि कडाडले, "ही लबाडी आहे! डुक्कर जिवंत आहे!"

जैतूननं अदबीनं हात जोडले. "मारीन असं महाराज बोललेच नाहीत. पाडीन म्हणाले. आता बघा, पडलंय की नाही?"

"अगं, ते खड्ड्यात पडलंय!"

"मग काय आभाळात पडतं, सरकार? एक गोळी सुटली, एक डुक्कर पडलं. ती सुटली नसती तर ते अजून शेंगा खात असतं!"

यावर दारणीच्या राजांनाच हसू फुटलं, आणि भुजंगराजे तर पोट धरून बांधावरच बसले. "माग, पोरी! काय हवं ते माग!"

"शस्त्रागाराची किल्ली अब्बांच्या कमरेला राहू द्या. इथून पुढं कुणालाही पिस्तूल हवं असेल तर त्यांच्याकडे अर्ज करायचा."

"कुणालाही? मलासुद्धा?"

"आपल्याला तर आधी!"

महाराज डोळे पुसत म्हणाले, "दिली किल्ली! पण माझा अर्ज मंजूर होईल ना?"

"विचार करू," जैतून म्हणाली.