लांब पानाची पत्ती

डबेही माणसांशी बोलत, त्या काळची गोष्ट. घाटमाथ्यावर धोंडिबा नावाचा म्हातारा एकटाच राहायचा. त्याच्या फळीवर दोन डबे होते. एकात चहाची साधी भुकटी, दुसऱ्यात लांब पानाची उंची पत्ती.

शेजारचा सिद्राम रोज चहाला यायचा. धोंडिबा पत्तीकडे हात नेई, तशी ती आतून झाकण घट्ट धरी. “हा बशीत ओतून फुरके मारतो. असल्याला मी नाही मिळायची.”

“बसा बाईसाहेब फळीवर! आम्ही चाललो उकळायला,” भुकटी म्हणायची. मग दोघे म्हातारे दुधाळ चहा पीत, एकमेकांना शिव्या देत हसायचे.

बंद डब्यात पत्तीला वर्षं कळली नाहीत. एका दुपारी भुकटी संपली होती, दूधही नव्हतं. सिद्रामची चाहूल नव्हती, तशी पत्तीने झाकण सोडलं. धोंडिबाने तिच्यावर कढत पाणी ओतलं, झाकून ठेवलं आणि कोरा चहा सावकाश पिऊ लागला.

“अशी चव जन्मात घेतली नाही,” तो म्हणाला आणि दाराकडे पाहत राहिला.

पत्तीला ते बघवेना. “सिद्रामला हाक मारा. बशीत प्यायला तरी चालेल.”

“त्याला जाऊन दोन वर्षं झाली,” धोंडिबा म्हणाला. उरलेला अर्धा कप त्याने तसाच निवू दिला.