देवळामागच्या फुकट चिंचा

उंदरांनाही लग्न झालं की काटकसरीचं वेड लागायचं, त्या काळातली ही गोष्ट.

एका चिंचेखालच्या बिळात टिपरी आणि तिचा नवरा घारू राहायचे. पावसाळा तोंडावर आला होता, टिपरीला दिवस गेले होते आणि कोठी अजून अर्धी रिकामी होती. झाडावरची खार त्यांना शेंड्यावरच्या दहा चिंचा पाडून द्यायची आणि त्यातली एक मजुरी म्हणून घ्यायची. ती एक चिंच घारूच्या डोळ्यांत सलायची.

"देवळामागे चिंचा आपोआप पडतात. खारीला पोसणं आजपासून बंद," असं बजावून तो पहाटेच निघाला.

देऊळ तीन शेतं ओलांडून होतं आणि वाटेत मुंगूस राहायचं. टिपरीने खारीला हाक मारून दहा चिंचा पाडून घेतल्या, तिची एक तिला दिली आणि मग दिवसभर दाराशी जीव मुठीत धरून बसली.

तिन्हीसांजेला घारू लंगडत आला. पाठीवर दोन चिंचा होत्या.

"दोनच?" टिपरीने विचारलं.

"दहा होत्या. चार वाटेत भुकेपायी खाल्ल्या, चार मुंगसापुढे पळताना सांडल्या. पण खारीला एकही दिली नाही," घारू छाती फुगवून म्हणाला.

टिपरीने त्याला कोठीतल्या नव्या नऊ चिंचा दाखवल्या. घारू बराच वेळ कान खाजवत राहिला.

"मग मी उद्या काय करू?"

"अहो, उद्या तुम्ही घरात झोपून राहा," टिपरी म्हणाली. "संसाराला तेवढाच हातभार."