टॅबिथाचा उतार

पेन्सिल्व्हेनियातल्या हॅलोरन टेकडीवर ओकची दाट झाडी आहे. पण तळ्याच्या वरच्या अंगाला, रुळांलगत, एक उतार उघडाबोडका आहे. गवताखेरीज तिथे काही रुजत नाही. गावातले म्हातारे वाटाडे ऑर्विल पाहुण्यांना तिथेच थांबवतात आणि टोपी काढून सांगू लागतात.

अमेरिकेत वाफेची इंजिने नुकती धावू लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. गावात एझ्रा नावाचा लोहार होता. त्याने तीन वर्षे खपून स्वतःचे इंजिन घडवले. भाता ओढायला, तापले लोखंड धरायला त्याची बायको टॅबिथाच असे. घोडागाडीवाले त्यांच्या दारावरून जाताना चिडवायला मुद्दाम घोड्यासारखे खिंकाळत, असे सांगतात.

पहिल्या फेरीला दोन डब्यांत चाळीस माणसे बसली. अर्ध्या चढणीवर बॉयलरला पाणी पुरवणारा पंप तुटला आणि गाडी थांबली. एझ्राचा चेहरा उतरला. "तळ्यातून बादल्या आणा! ओता पाणी!" तो ओरडला. माणसे धावली.

टॅबिथाने भट्टीत डोकावले. आतले पाणी आटून बॉयलरचा पत्रा लालबुंद झाला होता. लाल लोखंडावर थंड पाणी पडले की वाफ कशी उसळते, हे तिने भात्यापाशी बसून शंभरदा पाहिले होते. इथे तर ती वाफ बंद पिंपात कोंडणार होती. ती बादल्यांना आडवी उभी राहिली.

"आधी आग काढा. पाणी मग."

"बाजूला हो, टॅबिथा. अख्खं गाव बघतंय!"

"बघू दे. चाळीस जीव आहेत इथे. मी हलायची नाही."

एझ्रा तावातावाने पुढे आला. मग त्याचीही नजर भट्टीत गेली आणि तो जागीच थिजला. निखारे ओढायचा आकडा एकच होता, तो त्याने उचलला. टॅबिथाने ओली शाल हातांना गुंडाळली आणि पेटते ओंडके ओढून उतारावर फेकले. उतार जळून काळा पडला; माणूस मात्र एकही दगावला नाही. तिची बोटे पुढे कधी पुरती मिटली नाहीत म्हणे.

महिन्याभराने इंजिन पुन्हा चढणीला लागले आणि माथ्यावर पोचले. एझ्राने पाण्याची बादली उचलली, आणि सगळ्यांदेखत बायकोकडे वळून विचारले, "ओतू का?" तिने वाकून भट्टी पाहिली, होकाराची मान डोलावली. तेव्हाच त्याने पाणी ओतले.

आजही उन्हाळ्यात एक जुने इंजिन पाहुण्यांना घेऊन ही चढण चढते. माथ्यावर चालक खाली उतरतो आणि गावातली जी बाई समोर असेल तिला विचारतो, "पाणी भरू का?" ती वाकून भट्टी पाहते, हवा तेवढा वेळ घेते. तोवर गाडी उभी राहते.