डालग्याखालचा साक्षीदार

फार पूर्वी अंगदेशाच्या पाणथळ भागात अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका गावात बुरडाच्या घरी जन्माला आले होते. त्या गावात प्रत्येक परसात एक तळे असे आणि तळ्यात मरळ मासे.

शेजारी गावप्रमुख सुनंद राहत असे. त्याचे पोट बिघडले म्हणून वैद्याने त्याचे मासे बंद केले होते. बायको विपुला त्याला तिन्ही त्रिकाळ पेज पाजायची. पेज पिताना बिचाऱ्याचे तोंड बघवत नसे.

पुढे सुनंदाच्या तळ्यातले मासे कमी होऊ लागले. त्याने गाव गोळा केले. "लव्हाळ्यातल्या पाणमांजरीचे काम आहे हे. मारून टाका तिला!" तिच्या पिल्लांचे तर अजून डोळेही उघडले नव्हते. पण गावाचा रिवाज होता की परसातल्या जिवाला मारायचे, तर आधी शेजाऱ्याने तीन पहाटे पाळत ठेवून साक्ष द्यायची.

बोधिसत्त्वांनी कोंबड्या झाकायचे मोठे डालगे तळ्याकाठी पालथे घातले आणि आत बसले. पहिल्या पहाटे पाणमांजरीने चिखलातले खेकडे खाल्ले, माशांकडे बघितलेसुद्धा नाही. दुसऱ्या पहाटे एक बगळा तपश्चर्या करीत उभा राहिला आणि बेडूक त्याच्या पायावर बसून गेला. डासांनी मात्र बोधिसत्त्वांना फोडून काढले. ते हलले नाहीत.

तिसऱ्या पहाटे काठावर कोणी दिसत नाही, शेजारी कंटाळून घरी झोपला असणार, असे समजून केळीआडून खुद्द सुनंद आला. त्याने मरळ धरली, वाळल्या काटक्यांवर भाजली आणि ऐसपैस डालग्यावर बसून खाऊ लागला. बांबू करकरले. बोधिसत्त्वांचे डोके गुडघ्यात गेले. मासा संपेपर्यंत त्यांनी दम धरला, मग नम्रपणे म्हणाले, "मालक, जरा सरकता का? मान अवघडली."

सुनंद थेट तळ्यात पडला. गळाभर पाण्यातून तो हात जोडून म्हणाला, "बाबा रे, विपुलेला सांगू नकोस!"

"खोटे मी बोलणार नाही. पण मला विचारण्याआधी तुम्हीच बोललात, तर मला बोलावे लागणार नाही. तिकडे एका आईचा जीव टांगणीला लागलाय."

उजाडताच साक्ष ऐकायला गाव काठ्या घेऊन जमले. सुनंद ओलाचिंब उभा राहिला. "पाणमांजरीला सोडा. चोर मी आहे."

"अगं बाई!" विपुलेने त्याच्या मिशीतला काटा उपटला. "आणि मी मेली चुलीपुढे पेज ढवळत बसते!" गाव पोट धरून हसले. काठ्या तिथेच पडल्या, आणि लव्हाळ्यात पिल्ले आईला बिलगून दूध पीत राहिली.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्खूंनो, परवा कोठीतला गूळ खाऊन ज्याने खारीवर आळ घेतला, तो भिक्खू तेव्हाचा सुनंद. ती खार तेव्हाची पाणमांजर. कोठी सांभाळणारी उपासिका ही विपुला. आणि डालग्याखालचा बुरूड मीच होतो."

मागच्या रांगेत एका भिक्खूने हळूच ओठ पुसले. शास्त्यांनी ते पाहिले आणि वाट पाहिली. थोड्या वेळाने तो भिक्खू आपणहून उभा राहिला. या वाट पाहण्यालाच क्षांती, म्हणजे धीराची सहनशीलता, म्हणतात.