मानाची खुर्ची

मुख्यमंत्र्यांच्या सुरक्षेचे प्रमुख सर्जेराव इंगवले यांची एक सवय होती. सभा कुठलीही असो, व्यासपीठावरच्या मुख्य खुर्चीत तासभर आधी ते स्वतः दणकून बसत, मगच साहेबांना बसू देत. सव्वीस वर्षांत पाच मुख्यमंत्री बदलले, पण ही सवय बदलली नाही.

नवे मंत्री धोंडोपंत रेगे यांना ते फार खुपलं. चारचौघांत ते मुख्यमंत्र्यांना म्हणाले, "साहेब, हा नोकरमाणूस रोज तुमच्या आधी तुमच्या खुर्चीत बसतो! याला घरी बसवा. हा मान मंत्र्याला शोभतो."

मुख्यमंत्र्यांच्या कपाळाला आठी पडली. निवृत्तीला सहा महिने उरलेले इंगवले अदबीनं म्हणाले, "मंत्रिसाहेबांचं बरोबर आहे. उद्या हा मान त्यांनीच घ्यावा."

रेगे खुलले. "घेतो की! फक्त मी बसण्याआधी खुर्ची नीट तपासून ठेवा. कुणी खाली काही लपवलं असलं तर?"

"साहेब," इंगवले म्हणाले, "तपासायलाच तर मी बसतो."

दुसऱ्या दिवशी इंगवले खुर्चीत ऐसपैस बसले होते, आणि रेगे मैदानाच्या फाटकाबाहेर चहा पीत थांबले होते.