बेवारस टाकीची दवंडी

करंजवण्यात पाणी पेटलं! एका म्हाताऱ्याने विहिरीच्या काठावर बसून विडी शिलगावली, काडी भरलेल्या बादलीत टाकली आणि बादलीतून भपकन ज्वाळ उठली. म्हातारा विडी टाकून पळाला. गावाला कारण ठाऊक होतं. बारा वर्षांपूर्वी या रस्त्याने मोटारी धावत होत्या. त्यांच्या पेट्रोलसाठी वेगवेगळ्या मोटारमालकांनी वाटेवरच्या आठ गावांत जमिनीखाली लोखंडी टाक्या पुरल्या होत्या. पुढे रस्ता वळला, मोटारी गेल्या, टाक्या मात्र राहिल्या. करंजवण्याची टाकी गंजली आणि हळूहळू विहिरीत पाझरू लागली.

सगळ्यात मोठी पंचाईत झाली ती गोजरा रंगारणीची. कापड रंगवायचं म्हणजे पाणी हवंच. तिने खपून रंगवलेला लग्नाचा शालू तिसऱ्या दिवशी परत आला. नवरीची आई कडाडली, "मंडपात नवरी आली की मोटार आली, कळेना!"

गोजराने शालू घडी करून ठेवला आणि सरळ राजधानी गाठली.

धामणगडचे तुळाजी महाराज मनाने उदार, पण हट्टी. बेवारस टाक्या संस्थानच्या खर्चाने उपसून, वाळू भरून बंद करू, असं त्यांनी जाहीर केलं होतं. पण दिवाण अप्पाजीपंतांनी त्यात एक पाचर मारून ठेवली होती. टाकीला मालक नाही, हे आधी सिद्ध करा!

"सरकार," गोजरा हात जोडून म्हणाली, "आहे त्याचा पुरावा देता येतो. जो नाहीच, त्याचा पुरावा कुठून आणू?"

"नियम म्हणजे नियम!" अप्पाजीपंत म्हणाले. "आज पैसा द्यायचा, आणि उद्या मालक उपटला तर?"

"गावकऱ्यांनी हरकूशेठना विचारलं होतं. आमच्या गावात थांबणाऱ्या मोटारी त्यांच्याच होत्या. ते म्हणाले, कसली टाकी? मी तर आयुष्यात मोटारीत बसलोसुद्धा नाही!"

महाराजांना हसू आलं, पण हट्ट सुटला नाही. "आम्ही बोललो ते बोललो! आठ दिवस देतो. एक तर मालक आणून उभा कर, नाहीतर मालक नाही हे दाखव. दोन्ही जमलं नाही, तर टाकी राहू दे, विषय बंद!"

दरबार खो खो हसला. गोजराचे कान तापले. रिकाम्या हाताने परत गेलं, तर गावाला दोन कोसांवरच्या ओढ्याचंच पाणी. ती म्हणाली, "कबूल! मला फक्त एक दवंडी पिटायची परवानगी द्या. आपल्या शिक्क्यानिशी."

"एवढंच? दिली!"

दुसऱ्या दिवशी राजधानीच्या चौकाचौकात डफ वाजला. "ऐका हो ऐका! करंजवण्याच्या जमिनीखालच्या टाकीत जे काही आहे, ते सगळं टाकीच्या मालकाचं! मालकाने आठ दिवसांत पुरावा घेऊन दरबारात यावं. कोणी आलं नाही, तर टाकी बेवारस हो!"

ते दिवस महायुद्धाचे. पेट्रोल औषधालाही मिळत नव्हतं. हरकूशेठने दवंडी ऐकली मात्र, त्याची झोप उडाली.

आठव्या दिवशी गोजरा दरबारात येऊन पाहते, तर शेठ तिच्याआधी हजर! बगलेत टाकीच्या खरेदीची पावती, जागेचा नकाशा, आणि टाकी पुरताना काढलेला फोटोही. फोटोत शेठ मोटारीत ऐटीत बसलेला!

"टाकी माझी!" शेठ छाती काढून म्हणाला. "जे काही आहे, ते सगळं माझं ना?"

"सगळं तुमचं," गोजरा म्हणाली. "गावाला त्यातला थेंबही नको."

"मग सही कुठे करू?"

अप्पाजीपंतांनी कागद पुढे केला. शेठने झोकात सही ठोकली.

"शेठजी," गोजरा गोड आवाजात म्हणाली, "टाकीला बुडाशी भोकं पडलीत. पेट्रोल केव्हाच विहिरीत गेलं. आत उरलाय गाळ, गंज आणि घाण. ती कधी नेताय?"

शेठचा चेहरा पांढरा पडला. "म... मग मला नको ती टाकी!"

"सही वाळली हो!" महाराज गरजले. "टाकी उपसा, वाळूने भरा आणि विहीरही साफ करून द्या. महिनाभरात!" मग ते गोजराकडे वळले. "पण काय गं, हा आलाच नसता तर?"

"तर टाकी बेवारस ठरली असती सरकार, आणि खर्च आपला! कोणीही आलं असतं किंवा नसतं, टाकी बंद होणारच होती."

महाराजांनी मांडीवर थाप मारली. "दिवाणजी, उरलेल्या सात गावांतही हीच दवंडी पिटा!"

पिटली. पण हरकूशेठची गोष्ट दवंडीच्या आधी पोचली होती. आठ दिवस गेले, सातही गावांतून कोणी फिरकलं नाही. एका गावात तर एक गृहस्थ कोणी न विचारताच सांगत सुटला, "आमच्या काकांचा टाकीशी काही संबंध नव्हता बरं का!"

खजिना उघडायची वेळ आली, तरी अप्पाजीपंतांचा हात किल्लीवर अडखळला. "पण महाराज, काम झाल्यावर एखादा मालक उगवला तर?"

महाराजांनी दरबारात बोलावून घेतलेल्या गोजराकडे पाहिलं.

"तर फारच बरं होईल, दिवाणजी!" गोजरा म्हणाली. "त्याची आरती करू, पाटावर बसवू आणि झालेला सगळा खर्च त्याच्या ताटात वाढू!"

महाराज इतके हसले, की पगडी सावरायला दोन हात लागले. अप्पाजीपंतही मिशीत हसले आणि किल्ली फिरली. महाराजांनी आपल्या मनगटातलं सोन्याचं कडं काढून गोजराच्या हातावर ठेवलं आणि सातही गावांच्या टाक्या तिच्या देखरेखीखाली बंद व्हाव्यात असा हुकूम सोडला. दिमतीला कोण द्यायचं, असं विचारताच ते म्हणाले, "अप्पाजीपंतांना द्या! वाळूच्या पाट्या मोजायला चोख माणूस लागतो!"